इन्स्टाग्रामवर हजारो फॉलोअर्स असताना चित्रकाराला स्वतःची वेबसाइट कशाला हवी?

जानेवारी २०२५ च्या मध्यावर इन्स्टाग्राम वापरणाऱ्यांना एक बदल दिसू लागला. प्रोफाइल उघडल्यावर इतकी वर्षं दिसणारे चौरस फोटो आता उभट आयताकृती झाले होते. बहुतेकांनी दोन दिवस कुरकुर केली आणि विषय सोडून दिला. चित्रकार, इलस्ट्रेटर आणि फोटोग्राफर मात्र चिडले आणि त्यांच्या चिडण्याला कारण होतं. त्यांच्यापैकी अनेकांनी आपलं प्रोफाइल प्रदर्शनाच्या भिंतीसारखं मांडलं होतं. तीन चौरस शेजारी आले की एक मोठं चित्र तयार व्हावं, एका ओळीतला निळा रंग पुढच्या ओळीत हळूहळू हिरवा होत जावा, असं सगळं जुळवलेलं. बदलानंतर चौरस चित्रांच्या डाव्या-उजव्या कडा कापल्या गेल्या आणि ती सगळी मांडणी विस्कटली.

यात कुणाचं काही चोरीला गेलं नाही, कुठला नियमही मोडला गेला नाही. लोक हल्ली उभे फोटो आणि व्हिडिओच जास्त टाकतात म्हणून मांडणी उभी केली, असं कंपनीचं म्हणणं होतं आणि ते खरंही आहे. तरीही या छोट्याशा बदलाने एक जुना प्रश्न पुन्हा वर आणला. ज्या भिंतीवर तरुण कलाकार आपली चित्रं टांगतात, ती भिंत कुणाची असते?

भिंती याआधीही पडल्या आहेत

इंटरनेटला फारसा इतिहास नाही, पण जो आहे त्यात या प्रश्नाचं उत्तर अनेकदा मिळालं आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर कुणालाही फुकट स्वतःचं पान बनवता यायचं. १९९९ मध्ये याहूने ती सेवा साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली आणि दहा वर्षांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये बंद करून टाकली. आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने बंद होण्याआधी जमतील तितकी पानं उतरवून घेतली. ओल्या लिआलिना आणि ड्रॅगन एस्पेनशीड या कलाकार जोडीने २०११ पासून तो ढीग उपसायला घेतला. त्यात काय नव्हतं? मांजरांचे फोटो, हौशी चित्रं, कविता आणि 'पानाचं काम चालू आहे' अशा असंख्य पाट्या.

त्यानंतर ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं व्हाइन २०१७ च्या सुरुवातीला संपलं. सगळ्यात वाईट गत मायस्पेसवरच्या संगीतकारांची झाली. सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत गेलं आणि ते परत मिळणार नाही, हे मार्च २०१९ मध्ये जगाला कळलं. तेव्हाच्या बातम्यांमधला अंदाज सुमारे १.४ कोटी कलाकार आणि ५ कोटी गाणी असा होता. ज्यांनी मूळ फायली घरच्या कॉम्प्युटरवर ठेवल्या होत्या ते वाचले. ज्यांना मायस्पेस हीच तिजोरी वाटत होती, त्यांच्या पहिल्या गाण्यांचा पुरावाच उरला नाही.

भारतात हा अनुभव २९ जून २०२० रोजी आला. केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत, ज्यांना नाटक कंपनी किंवा टीव्ही चॅनेलचं दार कधी उघडलं नसतं, अशा पोरापोरींनी तिथे प्रेक्षक कमावला होता. एका आदेशाने तो प्रेक्षक नाहीसा झाला. काही जण युट्यूब आणि इन्स्टाग्रामवर पुन्हा उभे राहिले, बाकीच्यांना तेवढी उमेद राहिली नाही.

यातला सूक्ष्म भाग असा, की कलाकृतीची मालकी यातल्या कुठल्याही प्रसंगात कलाकाराकडून काढून घेतली गेली नव्हती. इन्स्टाग्रामच्या अटींमध्येही फोटो-चित्रांची मालकी वापरकर्त्याचीच राहते. कंपनीला मिळतो तो ती वापरण्याचा जगभर चालणारा, मोबदला न देता मिळणारा परवाना. म्हणजे चित्र कलाकाराचं, पण त्या चित्राचा पत्ता, त्याचा क्रम, त्याखालचा मजकूर आणि ते बघायला आलेली माणसं, यातलं काहीच त्याच्या हातात नाही. कलाकाराची ओळख म्हणतात ती नेमकी या चार गोष्टींनी बनते.

'एकाच प्रकारचं टाका'

जून २०२१ च्या अखेरीस इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी सांगितलं की इन्स्टाग्राम आता निव्वळ फोटो दाखवणारं अ‍ॅप राहिलेलं नाही. वर्षभरात फीड रील्सने भरलं. जुलै २०२२ मध्ये जुनं इन्स्टाग्राम परत द्या, अशी मोहीम सुरू झाली. किम कार्दशियनने ती पोस्ट शेअर केल्यावर कंपनीने काही बदल मागे घेतले. कार्दशियनचं ऐकलं जातं. आर्ट कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचं ऐकण्याची अशी काही सोय नाही.

तेव्हापासून स्थिर चित्र काढणाऱ्यांनाही कॅमेरा लावून स्वतःचा हात शूट करावा लागतो, त्याला चालू गाणं जोडावं लागतं आणि पहिल्या दोन सेकंदांत बघणाऱ्याला अडवावं लागतं. काहींना ते छान जमतं, त्यातून त्यांना कामंही मिळतात. पण त्या सोबत एक सल्ला हमखास येतो: 'एकाच प्रकारचं टाका, म्हणजे अल्गोरिदमला तुम्ही कोण ते कळेल.' पन्नाशीतल्या, शैली पक्की झालेल्या चित्रकाराला हा सल्ला फारसा बाधणार नाही. विशीतल्या मुलीसाठी तो घातक आहे.

समजा, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणारी एक मुलगी आहे. सकाळी ती मॉडेल बसवून व्यक्तिचित्र करते, दुपारी देवनागरी अक्षरांशी खेळते, रात्री लोकलमधल्या बायकांवर कॉमिक काढते. तिच्या मांजराच्या एका चित्राला चुकून दोन लाख व्ह्यूज मिळतात. पुढची पाच चित्रं मांजराचीच होतात, कारण व्यक्तिचित्राला तीनशे व्ह्यूज मिळाले होते. वर्षभराने ती 'मांजरवाली आर्टिस्ट' असते. ही ओळख तिने निवडलेली नाही. ती बघणाऱ्यांनीही जाणूनबुजून दिलेली नाही. आकड्यांनी ती तिच्यावर चिकटवली.

स्वतःच्या साइटवर हा दबाव नसतो, कारण तिथे आकडेच नगण्य असतात. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तोच तिचा मोठा फायदा आहे. तिथे फसलेलं स्केच ठेवता येतं, त्याखाली ते का फसलं हे चार परिच्छेदांत लिहिता येतं, आणि तेही मराठीत. मांजर, अक्षरं आणि कॉमिक शेजारी-शेजारी राहू शकतात. पाच वर्षांनी मागे वळून पाहिलं तर त्यात हाताचा प्रवास दिसतो. इन्स्टाग्रामवर त्याच प्रवासाची शंभर सुटी पोस्टर्स झालेली असतात, आणि जुनं काम कच्चं वाटतं म्हणून त्यातली निम्मी आर्काइव्हमध्ये लपवलेली असतात.

याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. रँडल मन्रो यांनी २००५ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, शाळा-कॉलेजच्या वह्यांच्या समासातली काड्यांच्या माणसांची चित्रं स्कॅन करून नेटवर टाकायला सुरुवात केली. लवकरच त्यांचं 'एक्सकेसीडी' हे कॉमिक स्वतःच्या पत्त्यावर आलं. पुढे नासातलं कंत्राटी काम संपल्यावर तोच त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय झाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार नवं कॉमिक, हा रिवाज आजही चालू आहे. या वीस वर्षांत ऑर्कुट गेलं, गूगल प्लस आलं आणि गेलं, ट्विटरचं नाव बदललं. पहिल्या कॉमिकची लिंक मात्र अजून चालते, आणि ते कॉमिक आजच्या मानाने अगदी बाळबोध आहे. ते काढून टाकावं असं मन्रो यांना वाटलेलं दिसत नाही.

मराठी चित्रकारांनाही ही कल्पना परकी नाही. मडगावला जन्मलेले दीनानाथ दलाल मुंबईत प्रकाशकांसाठी मुखपृष्ठं आणि मासिकांसाठी चित्रं करत होते. १९४५ मध्ये त्यांनी 'दीपावली' हा स्वतःचा अंक सुरू केला. दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं करणं त्यांनी सोडलं नाही, तिथून काम आणि नाव दोन्ही मिळत होतं. पण चित्राला किती जागा द्यायची, त्याच्या शेजारी काय छापायचं, हे ठरवण्याचा अधिकार एका ठिकाणी तरी त्यांच्याकडे राहिला. अंक काढायला तेव्हा कागद, छपाई आणि जाहिराती लागत. आज तेवढं काही लागत नाही.

एआयपासून संरक्षण मिळतं का?

थोडक्यात उत्तर: पूर्ण नाही.

मे २०२४ च्या अखेरीस मेटाने युरोपातल्या वापरकर्त्यांना कळवलं की त्यांच्या सार्वजनिक पोस्ट एआय मॉडेल घडवण्यासाठी वापरल्या जाणार आहेत. तिथल्या कायद्यामुळे हरकत नोंदवायचा अर्ज द्यावा लागला आणि नियामकांच्या आक्षेपांमुळे काम वर्षभर लांबलं. भारतातल्या लोकांना असा अर्ज मिळाला नाही. त्याच आठवड्यांत सिंगापूरच्या फोटोग्राफर जिंगना झांग यांच्या 'कारा' या कलाकारांसाठीच्या अ‍ॅपकडे झुंबड उडाली. एआयने बनवलेली चित्रं तिथे चालत नाहीत. आठवडाभरात वापरकर्ते ४० हजारांवरून साडेसहा लाखांवर गेले आणि स्वयंसेवकांच्या जिवावर चालणाऱ्या अ‍ॅपला सर्व्हरचं ९६,२८० डॉलरचं बिल आलं. झांग यांनी ते पेललं, कारा टिकलं. तरी हेतू कितीही चांगला असला तरी ती भिंतही दुसऱ्याचीच होती, आणि ती एका बिलाने हलू शकते हे दिसलं.

मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या नव्या सोयीमुळे लग्नाचे, गणपतीचे, कुटुंबाचे फोटो जपानच्या घिबली स्टुडिओच्या शैलीत बदलण्याची लाट आली. मजा अनेकांनी घेतली. हाताने चित्र काढणाऱ्यांना त्यात दिसलं ते हे, की वर्षानुवर्षं घडवलेली शैली बटणावर मिळू शकते.

स्वतःच्या साइटवर चित्रं ठेवली म्हणून ती सुरक्षित होत नाहीत. वेब चाळत फिरणारे क्रॉलर नावाचे प्रोग्राम तिथेही येतात. 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची एक साधी फाइल ठेवून 'आत येऊ नका' असं त्यांना सांगता येतं. ही पद्धत १९९४ पासूनची आहे, ओपनएआयने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या क्रॉलरसाठी ती मान्यही केली. पण ती विनंती आहे, कुलूप नव्हे. ज्याला पाळायची नाही तो पाळत नाही. क्लाउडफ्लेअरसारख्या सेवा फुकट योजनेतही एआय क्रॉलर अडवण्याची सोय देतात, ते त्यापेक्षा बरं. शिकागो विद्यापीठाने २०२३ मध्ये आणलेलं 'ग्लेझ' चित्रात डोळ्यांना सहज न जाणवणारे बदल करून शैलीची नक्कल अवघड करतं. यातला एकही उपाय शंभर टक्के नाही. फरक इतकाच, की यातला पहिला आणि दुसरा उपाय स्वतःच्या साइटवरच लावता येतो. इन्स्टाग्रामच्या दारावर कुणाला आत सोडायचं हे मेटा ठरवते.

कायद्याचा आधार किती? भारतात कॉपीराइट कायदा १९५७ नुसार चित्र काढलं त्या क्षणी हक्क चित्रकाराचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण एआय प्रशिक्षणाबद्दल चित्र धूसर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने असा प्रस्ताव ठेवला की एआय कंपन्यांना कायदेशीररीत्या उपलब्ध कलाकृती वापरू द्याव्यात आणि त्यांनी त्यापोटी रॉयल्टी भरावी. यात पैसे मिळण्याची आशा आहे, नकार देण्याचा हक्क मात्र कलाकाराला ठेवलेला नाही.

डेटा संरक्षण कायद्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नये. २०२३ च्या त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, त्यामुळे तो सध्या चर्चेत आहे. स्वतःहून सार्वजनिक केलेल्या वैयक्तिक माहितीला तो लागूच होत नाही. विशेष म्हणजे हे समजावताना कायद्यात जे उदाहरण दिलं आहे, ते आपली मतं ब्लॉगमधून मांडताना स्वतःची माहिती उघड करणाऱ्या व्यक्तीचंच आहे. त्यामुळे साइटवर घरचा पत्ता, मोबाइल नंबर, कॉलेजचं वेळापत्रक यातलं काहीही टाकू नये. संपर्कासाठी वेगळा ईमेल पुरतो.

मग तिथे येणार कोण?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. नव्या साइटवर पहिल्या महिन्यात मित्र, एखादी मावशी आणि क्रॉलर एवढेच येतात. जुलै २०२५ पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलच्या शोधातही दिसू लागल्या, त्यामुळे 'गूगलवर सापडण्यासाठी साइट हवी' हा जुना मुद्दाही थोडा कमकुवत झाला.

पण साइट गर्दीसाठी नसतेच. ती त्या चार-पाच माणसांसाठी असते, ज्यांना निर्णय घ्यायचा असतो. दिवाळी अंकाचा संपादक, बालपुस्तकांची प्रकाशक, गॅलरीत समूह प्रदर्शन ठरवणारी व्यक्ती, शिष्यवृत्तीची समिती. यांना इन्स्टाग्रामची लिंक पाठवली तर खातं नसल्यास काही फोटोंनंतर लॉगिनची पाटी येते. खातं असलंच तर चित्रांच्या मध्ये वाढदिवसाचा केक आणि गोव्याची सहल येते. त्याऐवजी दहा-पंधरा निवडक कामं, प्रत्येकाखाली माध्यम, आकार आणि वर्ष, आणि शेवटी ईमेल, एवढं एका पानावर असेल तर त्यांचं काम दोन मिनिटांत होतं.

ब्लॉगचा भाग या पानाच्या शेजारी राहतो. तो त्याच माणसांना दुसरी गोष्ट दाखवतो: ही व्यक्ती विचार कसा करते. एआयच्या काळात याचं वजन वाढलं आहे. तयार चित्र कुणीही दाखवू शकतं. कच्च्या रेषेपासून शेवटच्या रंगापर्यंतचे सहा टप्पे, तारखांसह आणि मधल्या चुकांसह, दाखवणं अवघड असतं. स्वतःच्या साइटवरच्या तारखा बदलता येतात, ही पळवाट खरी आहे. म्हणून महत्त्वाचं पान इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये जतन करून ठेवलेलं बरं. तिथली तारीख तिसऱ्याने नोंदवलेली असते.

सोशल मीडिया सोडायची गरज यात कुठेच नाही. वेबविषयी विचार करणाऱ्या मंडळींमध्ये यासाठी एक साधा नियम गेली काही वर्षं चालत आला आहे. काम आधी स्वतःच्या पत्त्यावर टाकायचं, मग तिथून इन्स्टाग्राम, युट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल अशा गर्दीच्या ठिकाणी न्यायचं. उद्या त्यातलं एक बंद झालं तर तिथला प्रेक्षक जाईल, काम जाणार नाही.

खर्च किती, अडचणी कुठे?

'डॉट इन' पत्ता वर्षाला साधारण काही शे रुपयांत मिळतो. देवनागरीत नाव हवं असेल तर 'डॉट भारत' २०१४ पासून उपलब्ध आहे, मात्र काही जुने फॉर्म आणि ईमेल सेवा तो पत्ता नीट ओळखत नाहीत, म्हणून सोबत रोमन अक्षरांतला पत्ता असलेला बरा. जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट ज्यावर चालतात ते वर्डप्रेस फुकट आहे. २०१३ मध्ये सुरू झालेलं निओसिटीज जिओसिटीजचाच वारसा सांगतं आणि थोडं एचटीएमएल शिकण्याची तयारी असेल त्याला मोकळी जागा देतं. तिथली किशोरवयीन मुलांची भडक, झगमगती पानं पाहिली की वेबसाइट एकसारखी पांढरी आणि नीटनेटकीच दिसली पाहिजे, हा गैरसमज दूर होतो.

पैशांपेक्षा कष्ट जास्त आहेत. चित्रं मोबाइलवर पटकन उघडतील एवढ्या लहान आकारात टाकायची, मूळ मोठ्या फायली मात्र दोन ठिकाणी जपायच्या. सहा महिन्यांतून एकदा पूर्ण साइटची प्रत काढायची. फुकट सेवा घेतली असेल तरी पत्ता स्वतःच्या नावावर घ्यायचा, म्हणजे सेवा बंद झाली तर सामान उचलून दुसरीकडे नेता येतं आणि लिंक तीच राहते.

आणि पत्ता हाही शेवटी दरवर्षी नूतनीकरण करावा लागणारा करार आहे. मुदत संपली तर तो कुणीही घेऊ शकतं, आणि वर्षानुवर्षं जपलेल्या नावावर भलत्याच जाहिराती झळकायला लागतात. ज्या ईमेलवर आठवण येणार, तो अनेकदा कॉलेजने दिलेला असतो आणि पदवीनंतर बंद होतो. पत्ता नोंदवताना तिथे स्वतःचा कायमचा ईमेल द्यावा.